झऱ्यात टाकलेले मीठ

(लूर्दमातेचा सण व जागतिक रुग्णदिन, ११ फेब्रुवारी, यानिमित्त चिंतन)

वाचने: २ राजे २:१९-२२, योहान ५:१-९



येत्या ११ तारखेला आपण लूर्दमातेचा सण साजरा करणार आहोत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली हाच दिवस 'जागतिक रुग्णदिन' म्हणून जाहीर केला आणि १९९३ पासून जगभरच्या चर्चमध्ये तो पाळला जातो. त्या दिवशी मिस्सामध्ये आजाऱ्यांना तैलाभ्यंगाचा संस्कार दिला जातो. नातवंडांच्या खांद्यावर हात ठेवून आजी-आजोबा वेदीपाशी येतात. आपण सारे डोळे मिटून म्हणतो, "प्रभो, यांना बरे कर."

ही प्रार्थना आपण केलीच पाहिजे. पण यंदा तिच्या जोडीला आणखी एक प्रार्थना करावी असे आम्हांला वाटते: "प्रभो, टाळता येण्यासारखे आजार टाळण्याची आम्हांला बुद्धी दे." पहिली प्रार्थना आजार दारात आल्यावर आपोआप ओठांवर येते. दुसरी मात्र आपण सहसा करतच नाही.

आधी एक कबुली

काही दिवसांपूर्वी आपल्यातल्याच एका भावाला पक्षाघाताचा झटका आला. घरच्यांच्या परवानगीने हे सांगत आहोत. नाव सांगण्याची गरज नाही. वय पन्नाशीच्या आतले. सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहत उभा असताना तो एकदम खाली बसला. उजवा हात उचलेना, जीभ वळेना. सोबतच्या लोकांनी रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेले.

त्या दिवसापासून आपण काय काय केले! घरोघरी रोझरी म्हटली. नोव्हेना केली. तरुण मुले रात्र-रात्र दवाखान्यात बसली. महिला मंडळाने डबे पोहोचवले. मिस्सानंतर वर्गणी जमा झाली, तीही मोकळ्या हाताने. आपल्या प्रेमात काही उणे होते असे कोणीही म्हणणार नाही.

पण पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी त्याच्या पत्नीला एक प्रश्न विचारला होता, "यांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता?" ती माउली गप्प राहिली. तो कधी मोजलाच नव्हता.

हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागला आहे. त्या घरी आम्ही कितीतरी वर्षे जात आलो. घराला आशीर्वाद दिला, चहा घेतला, मुलांच्या शाळेची चौकशी केली. आपल्या धर्मग्रामात नर्सचे काम केलेल्या भगिनी आहेत, औषधाच्या दुकानात काम करणारे भाऊ आहेत. रक्तदाब मोजायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे आपल्यापैकी कोणीच त्याला दिली नाहीत. आम्हीही दिली नाहीत. आजार आल्यावर धावून जाणारे आपण शंभर होतो, पण आजार ज्या वाटेने आला त्या वाटेवर आपल्यातले कोणीच उभे नव्हते.

लूर्दच्या झऱ्यापाशी

लूर्द म्हटले की आपल्याला गुहा, मेणबत्त्या आणि झऱ्याचे पाणी आठवते. पण ज्या मुलीला १८५८ साली पवित्र मारियेचे दर्शन झाले, त्या बर्नाडेटचे घर कसे होते हे आपण क्वचितच आठवतो. तिचे वडील पीठगिरणी चालवत. ती गिरणी हातची गेली आणि घरावर गरिबी आली. पूर्वी तुरुंग म्हणून वापरलेल्या एका ओलसर, कोंदट खोलीत सारे कुटुंब राहू लागले. लहानपणी बर्नाडेटला कॉलरा झाला होता. दम्याने ती आयुष्यभर बेजार होती. पुढे ती नेव्हेर येथील मठात गेली, तिथल्या आजारी भगिनींची शुश्रूषा केली आणि १८७९ साली वयाच्या पस्तिसाव्या वर्षी क्षयरोगाने देवाघरी गेली. ज्या झऱ्याने इतरांना दिलासा दिला, तो तिने स्वतःच्या हातांनी चिखल उकरून मोकळा केला होता. तिचे स्वतःचे दुखणे मात्र त्या झऱ्याने गेले नाही.

यात आपल्यासाठी दोन धडे आहेत. पहिला असा की, आजार म्हणजे देवाची शिक्षा नव्हे. तसे असते तर बर्नाडेट संत झाली नसती. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे? प्रभूने तो प्रश्नच मोडीत काढला (योहान ९). म्हणून आज आम्ही जे सांगत आहोत, ते आजारी माणसाला दोष देण्यासाठी नाही. कोणी ते घेऊन एखाद्या रुग्णाच्या उशाशी जाऊन "तुझीच चूक" असे म्हणू नये.

दुसरा धडा असा की, माणूस आजारी पडतो तेव्हा नुसते शरीर बिघडलेले नसते. घरातली ओल, हातचा गेलेला धंदा, रिकामे डबे, गढूळ पाणी आणि मनावरचा भार हे सारे मिळून माणसाला खाटेवर पाडतात. लूर्दला गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत लाखो-करोडो भाविक गेले. डॉक्टरांकडून काटेकोर तपासणी करवून चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना मात्र सत्तरच्या थोड्याच वर आहेत. चमत्कार होतात, यावर आपला विश्वास आहे. पण ते विरळा होतात, हेही चर्चनेच आपल्याला प्रामाणिकपणे सांगितले आहे. देव रोजच्या रोज माणसाला सांभाळतो तो दुसऱ्या मार्गाने. तो मार्ग आपल्याला जुन्या करारातील एक छोटी गोष्ट दाखवते.

अलीशाने काय केले?

यरीहो नगरातली माणसे अलीशा संदेष्ट्याकडे आली. त्यांचे म्हणणे सरळ होते. आमच्या नगराची जागा छान आहे, ते आपण पाहतच आहात. पण इथले पाणी वाईट आहे, त्यामुळे जमीन फळ धरत नाही. अलीशाने त्यांच्याकडे एक नवे भांडे मागितले आणि त्यात मीठ घालून आणायला सांगितले. मग तो पाण्याच्या उगमापाशी गेला, मीठ झऱ्यात टाकले आणि देवाच्या नावाने सांगितले की हे पाणी आता शुद्ध झाले आहे.

ही गोष्ट अवघी चार ओळींची आहे. तिच्यात तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत.

एक म्हणजे, अलीशा घरोघरी जाऊन आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवत बसला नाही. तसे करण्याची शक्ती त्याच्यात नव्हती असे नाही. शूनेमच्या बाईच्या मुलाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. पण इथे त्याने ओळखले की दुखणे घराघरात दिसत असले तरी त्याचे मूळ एकाच ठिकाणी आहे. म्हणून तो मुळाशी गेला.

दुसरे म्हणजे, मीठ लोकांनी आणले. ते कुठल्या परदेशातून मागवलेले औषध नव्हते, प्रत्येकाच्या चुलीपाशी असलेली वस्तू होती. बरे करणारा देवच. पण मीठ माणसांच्या घरातले.

आणि तिसरे म्हणजे, लोकांनी आपले दुखणे लपवले नाही. "आमचे नगर सुंदर आहे" एवढे म्हणून ते थांबले नाहीत. "पण पाणी वाईट आहे" हे पुढचे वाक्य बोलण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. आपणही आपल्या शहराबद्दल अभिमानाने बोलतो. बावन्न दरवाज्यांचे शहर, वेरूळ-अजिंठ्याचे शहर. मलिक अंबरने सतराव्या शतकात डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले, तेही आपण पाहुण्यांना सांगतो. पण त्याच शहरात नळाला दिवसाआड, कधी पाच-सात दिवसांनी पाणी आलेले आपण वर्षानुवर्षे पाहिले आहे. आपले नगर छान आहे, पण... हे पुढचे वाक्य आपल्यालाही बोलावे लागेल.

आपल्या शेजारची साक्ष

हे सारे जुन्या कराराच्या काळातले, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्या जवळचेच एक उदाहरण सांगतो. इथून नगर रस्त्याने जाताना नेवासा तालुक्यात वडाळा हे गाव लागते. तिथल्या मिशन दवाखान्यात १९६० च्या दशकात डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य काम करीत होते. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. दवाखान्यात रुग्णांची रीघ असे. पण काही वर्षांत त्यांच्या लक्षात आले की बरे करून घरी पाठवलेली मुले तेच जुलाब, तीच उपासमार घेऊन पुन्हा येतात. त्यांच्याकडे येणारे बहुतेक आजार मुळात होऊच नयेत असे होते. दवाखान्यात बसून त्या आजारांचा झरा बंद होणार नव्हता.

ते अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परत आले आणि १९७० साली त्यांनी बीडच्या शेजारी, अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. तो भाग कायमचा दुष्काळी. त्या वेळी तिथे जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळे वर्षाची व्हायच्या आत दगावत होती.

डॉक्टरांनी सुरुवातीला शिकलेल्या नर्सबाईंना खेड्यांत पाठवून पाहिले. ते काही जमले नाही. परक्या गावात एकट्या बाईने राहायचे कसे आणि गावाने तिचे ऐकायचे का? मग गावांनीच आपल्यातली एकेक बाई निवडावी असे ठरले. निवडल्या गेलेल्या अनेक बायका निरक्षर होत्या, अनेक दलित वस्तीतल्या होत्या. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला येत, शिकत आणि परत जाऊन गावाला शिकवत. बाळाचे वजन कसे करायचे, गरोदर बाईने काय खायचे, जुलाब झाले तर काय पाजायचे, बाळंतपणात हात कसे धुवायचे. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्या गावांतले बालमृत्यूचे प्रमाण हजारी तिसाच्या आत आले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून माणसे जामखेडला शिकायला येऊ लागली.

त्या कामातला एक प्रसंग आम्हांला फार मोलाचा वाटतो. १९७२ च्या आसपासच्या मोठ्या दुष्काळात गावोगावी कूपनलिका घेऊन हातपंप बसवण्यात आले. तेव्हा डॉक्टरांनी अशी काळजी घेतली की जमेल तिथे पंप दलित वस्तीत बसावा. पाणी हवे असेल तर साऱ्या गावाने तिथे यावे. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी काय सोसले ते आपल्याला माहीत आहे. ज्या माणसांना विहिरीपासून लांब उभे राहून कोणीतरी वरून पाणी घालण्याची वाट पाहावी लागे, त्यांच्या दाराशी आता सारे गाव घागर घेऊन आले. पोटातल्या जंतूंबरोबर मनातला विटाळही आजारच असतो, आणि त्याचाही उगम शोधावा लागतो, हे त्या डॉक्टरांना समजले होते. झऱ्यात मीठ टाकणे म्हणतात ते हेच.

आपले चार झरे

आता आपण आपल्याकडे वळू. आपल्या घरातले आजार कुठून येतात? आम्हांला चार झरे दिसतात.

पहिला झरा पाण्याचा. नळाला रोज पाणी नाही म्हणून आपण टाक्या, ड्रम, रांजण भरून ठेवतो. त्यात आपला दोष नाही. पण डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, तो याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि तो दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून घासून कोरडी करायची. जे रिकामे करता येत नाही ते घट्ट झाकायचे. कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचे जुने टायर विसरायचे नाहीत. शनिवारी संध्याकाळी रविवारच्या मिस्सासाठी कपडे काढून ठेवतो, तेव्हाच हेही करावे. आणि लहान मुलाला जुलाब झाले तर घाबरून बसू नये. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घोट-घोट पाजावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे. मूल मलूल झाले, पाणी पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडले, तर लगेच दवाखाना गाठावा. अर्धा चमचा मीठ, बंधू-भगिनींनो! अलीशाचे मीठ अजूनही जीव वाचवते.

दुसरा झरा ताटातला. मात्र हेच मीठ ताटात वाढले की घात करते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही, एवढेच मीठ घ्या म्हणते. पापड, लोणचे, फरसाण, वेफर्स, आणि वरून ताटात मिठाची वाटी वेगळीच. अलीशाने मीठ झऱ्यात टाकले होते. आपण ते भाजीवर भुरभुरवत बसलो आहोत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. पूर्वी आपली माणसे ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, डाळ खात आणि कोसभर चालत. आता भाकरी गेली, चालणेही गेले. बेन सिराच्या ग्रंथात (३७:२७-३१) हजारो वर्षांपूर्वीच बजावले आहे की खादाडपणाने पुष्कळ माणसे गेली आहेत, जो सांभाळून खातो त्याचे आयुष्य वाढते. उच्च रक्तदाबाला आणि मधुमेहाला सुरुवातीला बहुधा कसलेही लक्षण नसते. काही दुखत नाही म्हणजे काही नाही, असे नसते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा दोन्ही तपासून घ्यावे. शासकीय व महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत ही सोय आहे.

तिसरा झरा व्यसनाचा. आमचे म्हणणे कोणाला बोचले तर क्षमा असावी, पण हे बोललेच पाहिजे. बाप्तिस्म्याच्या जेवणात दारू, लग्नात दारू, मयतीनंतर दारू. खिशात तंबाखूची पुडी आणि घरात आजीच्या हातात मिसरीची डबी. संत पौल करिंथकरांना सांगतो की तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे. आपल्या चर्चच्या भिंतीवर कोणी पिचकारी मारली तर आपण खपवून घेऊ का? मग या दुसऱ्या मंदिराचे काय? तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दोन-तीन आठवड्यांत बरी झाली नाही तर तपासून घ्यावी. लवकर कळला तर तोंडाचा कॅन्सर बरा होऊ शकतो. आपल्या शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तिथे शेवटच्या दिवशी जाण्यापेक्षा पहिल्या दिवशी जावे.

चौथा झरा मनातला. आजच्या शुभवर्तमानात बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेला माणूस आपल्याला भेटतो. प्रभू त्याला विचारतो की तुला बरे व्हायचे आहे का? त्यावर तो 'हो' म्हणत नाही. तो सांगतो की मला पाण्यात उतरवायला माझे कोणी नाही. त्याचे खरे दुखणे पायांत होते की या शब्दांत? आपल्या धर्मग्रामातही अशी माणसे आहेत. मुले पुण्या-मुंबईला गेल्यावर एकट्या राहिलेल्या आजी आहेत. कर्जाच्या हप्त्याने झोप उडालेले भाऊ आहेत. गावाकडची शेती दोन वर्षे बुडाल्यामुळे गप्प-गप्प झालेले काका आहेत. नवऱ्याच्या मारापायी तोंड लपवणाऱ्या बहिणी आहेत. परीक्षेच्या धाकाने रात्री रडणारी मुले आहेत. मराठवाड्यातल्या किती घरांनी या न बोललेल्या दुःखापायी कर्ता माणूस गमावला आहे! अशा माणसाला उपदेशाची गरज नसते, कोणीतरी शेजारी बसण्याची गरज असते. तुम्ही तेवढे तरी करा. आणि मनाचा आजार मोठा असेल तर डॉक्टरकडे जाण्यात लाज नाही. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते. क्षमा न केलेले भांडण, वर्षानुवर्षे बंद झालेले बोलणे, यांनीही माणूस आतून झिजतो. मिस्सामध्ये शांतीची खूण देताना हात जोडतो, तेव्हा ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याच्याकडे वळून पाहावे. तेही औषधच आहे.

प्रार्थना आणि औषध

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आम्हांला कळते की काही जण प्रार्थनासभेत बरे वाटले म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या बंद करतात. काही जण टीबीचे औषध दोन महिन्यांत ताप उतरला की सोडून देतात. असे करू नका. टीबीचे औषध साधारणपणे किमान सहा महिने घ्यावे लागते. अर्धवट सोडले तर तोच रोग अधिक चिवट होऊन परत येतो आणि घरातल्या लेकरांनाही गाठतो. ते औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

चर्चने प्रार्थना आणि औषध यांना कधीच एकमेकांचे वैरी मानले नाही. बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय घरी उघडून वाचा. तिथे आधी प्रार्थना कर असे सांगितले आहे आणि लगेच वैद्यालाही त्याची जागा दे असे सांगितले आहे, कारण त्यालाही देवानेच घडवले आणि औषधेही देवानेच मातीतून उगवली. संत लूक स्वतः वैद्य होता. तुम्ही गोळी घेताना क्रूसाची खूण करा. पण क्रूसाची खूण करून गोळी फेकून देऊ नका.

दिव्याने दिवा

जामखेडच्या त्या आरोग्यसेविकांपैकी मुक्ताबाई पोळ यांना १९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे आरोग्यविषयक परिषदेत बोलण्याचे निमंत्रण आले. समोर मोठमोठे डॉक्टर आणि तज्ज्ञ. वर छताला झगमगती झुंबरे. मुक्ताबाईंनी बरोबर नेलेले दोन साधे वातीचे दिवे काढले आणि एकाने दुसरा पेटवला. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता की मोठे डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, सुंदर पण महाग आणि दूर. मी या दिव्यासारखी आहे, स्वस्त आणि साधी, पण झुंबराला जे जमत नाही ते दिव्याला जमते, तो दुसरा दिवा लावू शकतो.

ज्या बाईला गावाने एकेकाळी काही किंमत दिली नव्हती, तिने साऱ्या जगाला शुभवर्तमान समजावून सांगितले असेच आम्हांला वाटते. प्रभूने आपल्याला जगाचा प्रकाश म्हटले आणि पृथ्वीचे मीठही म्हटले. त्यासाठी आपण सारे डॉक्टर असण्याची गरज नाही.

म्हणून उपवासकाळ तोंडावर आला असताना आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

१. प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहाने आपल्यातल्या दोन व्यक्ती निवडाव्यात, शक्यतो भगिनी. शिक्षणाची अट नाही, माणसांत मिसळण्याची आवड हवी. नर्स भगिनी त्यांना रक्तदाब मोजणे, साखर-मिठाचे पाणी करणे आणि धोक्याची लक्षणे ओळखणे शिकवतील.

२. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या ओसरीत टेबल मांडले जाईल. रक्तदाब मोजून घेतल्याशिवाय तिशीवरच्या कोणी घरी जाऊ नये. पहिल्यांदा आम्हीच मोजून घेऊ. आम्हीही कधीचा मोजलेला नाही.

३. उपवासकाळात मांसाहार सोडतो तसा प्रत्येकाने एक घात करणारा पदार्थ सोडावा. कोणी तंबाखू, कोणी दारू, कोणी तिसरा-चौथा गोड चहा. त्यातून वाचलेले पैसे एखाद्या टीबीच्या रुग्णाच्या पौष्टिक आहारासाठी द्यावेत. आणि रोज अर्धा तास चालावे, जमले तर रोझरी म्हणत.

आणि एक विनंती. ११ तारखेच्या मिस्साला येताना प्रत्येक घराने चिमूटभर मीठ आणावे. अर्पणाच्या वेळी वेदीपुढे एक नवे भांडे ठेवलेले असेल. सगळ्या घरांचे मीठ त्यात एकत्र होईल आणि ते आशीर्वादित केले जाईल. ते भांडे घेऊन येणार आहे आपला तोच भाऊ, ज्याच्यापासून आज आपण सुरुवात केली. त्याचा उजवा हात अजून नीट उचलत नाही. भांड्याची दुसरी बाजू त्याच्या पत्नीने धरलेली असेल.

प्रार्थना करू या

हे प्रभो, तू अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसाजवळ थांबलास. आमच्यातल्या आजाऱ्यांजवळही थांब. त्यांना धीर दे, त्यांची सेवा करणाऱ्या हातांना बळ दे. तू दिलेले शरीर आम्ही हेळसांडीने वापरले, त्याबद्दल आम्हांला क्षमा कर. आमच्या घरातले, वस्तीतले आणि मनातले गढूळ झरे आम्हांला दाखव, आणि त्यांच्यापर्यंत चालत जाण्याचे धैर्य दे. मीठ आम्ही आणू, शुद्ध तू कर. लूर्दमाते, आजाऱ्यांचे आरोग्य, आम्हांसाठी विनंती कर. आमेन.